कावळा शिवला, नोकरी लागली

भारतीय चित्रपटातली पहिली नायिका ग्रँट रोडजवळच्या एका हॉटेलात कामाला होता. या वाक्याचं व्याकरण तपासत बसू नका. चूक असलीच तर ती १९१२ सालाची आहे. दादासाहेब फाळके तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’च्या जुळवाजुळवीत होते. हरिश्चंद्र मिळाला होता, रोहिदास तर घरातच होता (फाळक्यांचा थोरला मुलगा), पण तारामती काही केल्या मिळेना. घरंदाज बायकांचा प्रश्नच नव्हता. ज्यांना घरंदाज लोकांनी दारं बंद केली होती, त्या बायकांनीही सिनेमा म्हटल्यावर कानावर हात ठेवले. जाहिराती देऊन झाल्या. शेवटी एके दिवशी हॉटेलात बसले असताना फाळक्यांचं लक्ष समोर वावरणाऱ्या एका तरुणाच्या हातांकडे गेलं. हात नाजूक होते. अण्णा साळुंके त्याचं नाव. पगार महिना दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि तारामतीचा प्रश्न मिटला.

पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे स्वतःच्याच विरहात व्याकूळ होऊन स्वतःलाच शोधत फिरले. हॉटेलात राहिले असते तर फार तर गल्ल्यापर्यंत पोचले असते.

स्त्रीभूमिका करणाऱ्या बाकीच्या मंडळींची गोष्ट निराळीच. त्यांनी मिशी उतरवायला साफ नकार दिला. मिशी काढायची ती वडील गेल्यावर, आणि इथे तर वडील घरी धडधाकट बसलेले. फाळक्यांना मुलांची समजूत घालावी लागली आणि त्यांच्या वडिलांचीही. आपण जिवंत असताना मुलाने तोंडावर आपलं सुतक पाळायचं, याला संमती देणाऱ्या त्या बापांचं नाव खरं तर श्रेयनामावलीत यायला हवं होतं.

आता कल्पना करा, साळुंक्यांना आजच्या पद्धतीने मुलाखतीला बसवलंय. समोर तिघं. मधली बाई विचारते, ‘‘तुम्हाला तारामतीच का व्हायचंय?’’ साळुंके सरळ माणूस, म्हणणार, ‘‘पाच रुपये जास्त मिळतात, बाई.’’ झालं, तिथेच पत्ता कट. हल्ली म्हणावं लागतं, की आपल्या संस्थेची मूल्यं आणि माझी मूल्यं अगदी जुळतात, आणि पाच वर्षांनी मी स्वतःला सीतेच्या जागी पाहतो.

नोकरी कशी लागली याची खरी हकिगत आपल्याकडे कुणी सांगत नाही, असं माझं जुनं निरीक्षण आहे. सेवानिवृत्तीच्या समारंभाला जा. शाल, श्रीफळ, बटाटेवडा आणि वेफर्स झाले की सत्कारमूर्ती उठतात आणि सांगतात, ‘‘लहानपणापासूनच मला आकड्यांची ओढ होती.’’ हे गृहस्थ बँकेत पस्तीस वर्षं कॅशियर होते. खरी गोष्ट त्यांच्या पत्नीला ठाऊक असते. ती दुसऱ्या रांगेत बसून वेफर्सचं पुडकं पर्समध्ये सरकवत असते. खरी गोष्ट अशी, की यांचा एक मित्र बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणायला गेला होता. खाडाखोड होईल म्हणून त्याने दोन आणले. दुसरा उरला. ‘भर की, सोबत होईल’ म्हणून यांनी भरला. सोबत म्हणून परीक्षेला बसले. मित्र नापास झाला, हे पास झाले. मित्राने पुढे पिठाची गिरणी टाकली आणि दोन फ्लॅट घेतले, पण तो भाग भाषणात येत नाही.

दहा जणांना गाठून, एकेकाला थोडं सैल करून विचारा. आठ जणांच्या गोष्टीत एक माणूस सापडेल. तो काका नसतो, मामा नसतो, जिवलग मित्र तर नसतोच. कुणीतरी अर्धवट ओळखीचा. ज्याचं आडनाव आठवतं पण नाव आठवत नाही, असा. त्याने काही परोपकार म्हणून केलेलं नसतं. त्याच्या डोक्यात त्या वेळी भलताच विचार चालू असतो, आणि बोलता बोलता तो एक वाक्य टाकून जातो. त्या वाक्यावर मग एखाद्याचा अख्खा संसार उभा राहतो.

हे निरीक्षण नुसतं माझं असतं तर सोडून दिलं असतं. पण मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हेच काम रीतसर करून ठेवलं आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात जाऊन, नुकती नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, बाबांनो, ही जागा कळली कशी? निम्म्याहून जास्त लोकांना ती ओळखीतून कळली होती. इथवर आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, याला आपण वशिला म्हणतो आणि तो अमेरिकेतही चालतो हे ऐकून बरं वाटतं. पण पुढचा प्रश्न त्याने मार्मिक विचारला. ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? तर वरचेवर भेटणारा निघाला सहांत एक. बाकीचे सगळे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. १९७३ साली त्याने यावर जो निबंध लिहिला, तो समाजशास्त्रात अजून पुजला जातो. कारणही त्याने साधं सांगितलं आहे. जवळच्या माणसांना तेवढंच ठाऊक असतं जेवढं आपल्याला. नवी बातमी लांबचा माणूसच आणणार.

बरोबरच आहे. माझ्या जवळच्या चार मित्रांना गेल्या वीस वर्षांत कळलेली प्रत्येक गोष्ट मला त्याच दिवशी, त्याच चौघांकडून, चार वेगवेगळ्या पद्धतीने कळलेली आहे.

या अर्धवट ओळखीच्या माणसांत मी पहिला मान देतो तो पुण्यातल्या एका धोब्याला. प्रभात स्टुडिओतल्या लोकांचे कपडे तो धूत असे. सन १९४५-४६ चा सुमार. तिथे देव आनंद नावाचा नवा नट आलेला होता. त्याआधी तो मुंबईत लष्कराच्या सेन्सॉर कचेरीत सैनिकांची पत्रं वाचायचं काम करत होता. दुसऱ्याची पत्रं वाचायची आणि वर पगार घ्यायचा, अशी नोकरी सोडून माणूस सिनेमात का येतो हे कोडंच आहे. तिथेच नृत्यदिग्दर्शक म्हणून गुरुदत्त नावाचा तरुण होता. हा त्याआधी कलकत्त्याला लिव्हर ब्रदर्सच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. एके दिवशी देव आनंदला समोरून स्वतःचा शर्ट चालत येताना दिसला. आत गुरुदत्त होता. धोब्याने अदलाबदल केली होती. भांडण व्हायचं ते राहिलं आणि दोस्ती झाली. दोघांनी एकमेकांना शब्द दिला. मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, तू दिग्दर्शक झालास तर नायक मी.

असे शब्द तरुणपणी सगळेच देतात. कटिंग चहावर मीही कितीतरी लोकांना माझ्या भावी कंपन्यांत संचालक नेमलेलं आहे. पण देव आनंदने शब्द पाळला. नवकेतन काढल्यावर ‘बाजी’चं दिग्दर्शन गुरुदत्तला दिलं. सन १९५१.

गोष्ट इथे थांबत नाही. ‘बाजी’ लिहीत होते बलराज साहनी. ते बेस्टच्या बसने जायचे. त्या बसवर बद्रुद्दीन काझी नावाचा एक कंडक्टर होता, जो तिकिटं फाडता फाडता नकला करून उतारूंना हसवत असे. मुंबईच्या बसमध्ये गर्दीच्या वेळी माणसाला हसवणं म्हणजे काय, हे ज्याने प्रवास केलाय त्यालाच कळेल. साहनींनी त्याला सांगितलं, गुरुदत्तच्या कचेरीत जा आणि दारुड्याचं सोंग घेऊन घुस. काझी घुसला, झिंगला, बरळला, धिंगाणा घातला. तो प्यालेला नाही हे कळल्यावर गुरुदत्तने त्याला कामही दिलं आणि एका व्हिस्कीचं नावही दिलं. जॉनी वॉकर. गंमत अशी, की हा माणूस आयुष्यात कधी प्यायला नाही.

म्हणजे धोब्याने शर्ट बदलला नसता तर गुरुदत्तला ‘बाजी’ मिळाला नसता, आणि काझींना पुढची तीस वर्षं ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणत काढावी लागली असती. कपड्यांच्या एका गाठोड्यातून दोन करिअर निघाली. आमचा इस्त्रीवालाही शर्ट बदलतो. परवा मला एक चौकड्यांचा आला, पोटावर घट्ट. बिल्डिंगमध्ये विचारत फिरलो. ज्यांचा निघाला ते इन्कमटॅक्सवाले निघाले. मी दोस्ती वाढवली नाही.

कंडक्टरच्या नोकरीत काहीतरी असणार हे नक्की. बंगळूरच्या सिटी बसवरचा शिवाजीराव गायकवाड हा मराठी घरातला मुलगाही कंडक्टरच. त्याला मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जा म्हणून मागे लागला आणि पैशाची मदत करत राहिला तो त्याच्याच बसचा ड्रायव्हर. तिथे दिग्दर्शक के. बालचंदर यांची नजर पडली, तमिळ शिक म्हणाले, आणि १९७५ साली रजनीकांत पडद्यावर आला. चिल्लर परत देताना हाताची जी काही सफाई लागते ती पुढे चष्मा फिरवायला कामी आली असावी, असा माझा आपला अंदाज.

अर्धवट ओळखीची ही व्यवस्था आपल्याकडे एकेकाळी गावच्या गाव पोसत होती. मुंबईच्या गिरणगावात माणूस कामाला लागायचा तो अर्ज करून नव्हे. कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून पोरगा यायचा, गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकायचा, कुठल्यातरी मावशीच्या खानावळीत उधारीवर जेवायचा आणि गावचाच कुणी जॉबर त्याला साच्यावर उभा करायचा. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. माणसं भरणं त्याच्या हातात. दस्तुरी घ्यायचा, पण काम द्यायचा. सुरुवात व्हायची बदली म्हणून. पाळी सुरू व्हायच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत, आला तर घरी.

या बदली कामगारासारखा मनाचा कोंडमारा कुणाचा झाला नसेल. ज्याच्या खोलीत राहतोय, ज्याच्या ताटातलं खातोय, त्याच गाववाल्याला ताप यावा अशी इच्छा तर आहे, आणि ताप आला तर औषध आणायलाही आपणच जायचं आहे. शिमगा आणि गणपती आले की कोकणची मंडळी गावाला पळायची. मग घाटावरच्या बदल्यांची चंगळ. गणपतीबाप्पा लवकर या असं अगदी अंतःकरणातून म्हणणारे लोक तेव्हा गिरणीच्या फाटकाशी उभे असायचे.

गोव्याच्या लोकांनी तर यासाठी चक्क वास्तू बांधून ठेवल्या. धोबीतलावला जेर महाल नावाची इमारत आहे. तिथे आणि आसपास गोव्यातल्या एकेका गावाचे ‘कूड’ होते, काही अजून आहेत. बोटीवर खलाशी, स्वयंपाकी, स्टुअर्ड म्हणून जाणारे लोक बोट मिळेपर्यंत तिथे मुक्काम ठोकत. स्वतःची पेटी, मधे सगळ्यांचा देव्हारा, संध्याकाळी प्रार्थना, आणि उरलेल्या वेळात पत्ते, कॅरम. परतलेला खलाशी सांगणार, अमक्या कंपनीला माणसं हवीयत. ऐकणाऱ्याने सोंगटी तशीच टाकून उठायचं. डबेवाल्यांचंही तेच. मावळ, जुन्नर, खेड, आंबेगाव या भागातले एकमेकांचे भाऊबंद. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ चाललेल्या त्या धंद्यात ‘आम्हाला कळवा, आम्ही तुम्हाला कळवू’ असं कुणी कुणाला म्हटल्याचं ऐकिवात नाही.

सरकारने मात्र ठरवलं, की हे ओळखीपाळखीचं काही खरं नाही, पद्धत हवी. म्हणून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज आलं. रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं करणारा कायदा १९५९ चा. ज्यांनी त्या कचेरीच्या रांगेत तारुण्य घालवलं त्यांना ते पिवळट कार्ड डोळ्यापुढे येईल. ते ठरावीक मुदतीने नवं करून आणावं लागे. ते चुकलं की ज्येष्ठता गेली. म्हणजे बेकारीतसुद्धा सीनियॉरिटी होती. आमच्या आत्याचे यजमान अभिमानाने सांगत, ‘‘तालुक्यात माझ्याएवढा सीनियर बेकार नव्हता.’’ त्यांनी सांगितलेली एक हकिगत आहे. जशी ऐकली तशी देतो, शपथेवर विचारू नका. ते कंटाळून एका सरकारी कचेरीत रोजंदारीवर लागले, मग चिकटले, मग आवक-जावक लिपिक झाले. एके दिवशी मुलाखतीची पत्रं पाठवताना पाकिटांवर पत्ते टाकत असता एक पत्ता ओळखीचा वाटला. एक्स्चेंजने शेवटी त्यांचं नाव सुचवलं होतं, त्यांच्याच कचेरीत, त्यांच्याच जागेसाठी. त्यांनी पत्र जावक रजिस्टरमध्ये चढवलं, तिकीट लावलं आणि पोस्टात टाकलं. तिसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनीच सही करून घेतलं. ‘‘मुलाखतीला गेलात का?’’ मी विचारलं. ‘‘रजा मिळाली नाही रे.’’

सरकारी मार्ग असे. बाकी आपल्याकडे नोकऱ्या लागायच्या जागा दोनच, लग्न आणि दहावा. कारण अर्धवट ओळखीची माणसं घाऊक प्रमाणात एकत्र येतात ती फक्त इथेच. लग्नात ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न अक्षतांबरोबर अंगावर पडतो. पण लग्नात खरं काम होत नाही. स्पीकर कोकलत असतो, आहेर चाललेले असतात, आणि ज्याच्याशी बोलायचं तो जिलबीच्या मागे असतो. काम होतं दहाव्याला. तिथे शांतता असते, सगळे साध्या कपड्यांत असतात, कुणाला घाई दाखवता येत नाही, आणि मुख्य म्हणजे कावळा यायचा असतो.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांच्या दहाव्याला मी घाटावर हजर होतो. नातू बीकॉम होऊन वर्षभर घरी बसलेला. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, चांगले आठ-दहा. पण एकही खाली उतरेना. सुरुवात नेहमीसारखी झाली. मुलगा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, ‘‘बाबा, आईची काळजी करू नका, आम्ही नीट सांभाळू.’’ कावळा ढिम्म. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, गावच्या जमिनीचं आम्ही भांडणार नाही.’’ यावर एका कावळ्याने मान फिरवली, पण ती संशयाने फिरवल्यासारखी वाटली. धाकटी सून म्हणाली, ‘‘मामंजी, रोज दिवा लावू.’’ काही नाही. ऊन चढायला लागलं. गुरुजींना पुढचं एक होतं, ते घड्याळाकडे बघू लागले, दर्भाचा कावळा करून मोकळं व्हावं असं सुचवू लागले.

आजोबांचे एक जुने स्नेही तिथे आले होते. खरं तर स्नेही म्हणजे सकाळच्या फिरण्यातले. नाव घरातल्या कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, ‘टोपीवाले काका’ एवढंच. त्यांची औषधांची एजन्सी होती. ते वैतागून शेजारच्याला म्हणाले, ‘‘अहो, आप्पांना एकच घोर होता, या पोराचा. बागेत रोज तेच सांगायचे.’’ मग मोठ्याने, ‘‘काय रे, टॅली येतं का तुला?’’

पोरगा दचकला. डोकं भादरलेलं, धोतर सावरत म्हणाला, ‘‘येतं, काका. कोर्स केलाय.’’

‘‘जीएसटीचं रिटर्न?’’

‘‘भरलंय एकदा. म्हणजे सरांबरोबर.’’

‘‘बरं. आप्पा,’’ काका पिंपळाकडे बघून हात जोडत म्हणाले, ‘‘एक तारखेपासून याला माझ्याकडे घेतो. सुरुवातीला बारा हजार देईन.’’

कावळा काही आला नाही. एक क्षणभर सगळे गप्प. मग आजी, ज्या इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘ह्यांना पंधराची अपेक्षा होती.’’

टोपीवाल्या काकांनी पिंपळाकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ‘‘पंधरा,’’ म्हणाले. आणि तेवढ्यात आला की हो! सरळ पिंडावर.

विज्ञाननिष्ठ वाचकांनी मला पत्रं पाठवू नयेत. त्या दिवशी तिथे जमलेल्यांपैकी निम्मे विज्ञाननिष्ठच होते आणि हात त्यांनीही जोडले. पोरगा अजून तिथेच आहे. आता स्वतः मुलाखती घेतो म्हणतात. उमेदवारांना विचारतो, ‘‘आमच्या क्षेत्राकडे तुम्ही कसे वळलात?’’

काही लोकांना नोकरी वेगळ्याच कामाची लागते आणि ते करतात वेगळंच. आपल्या रंगभूमीने या लोकांवरच गुजराण केली. अशोक सराफ स्टेट बँकेत होते, प्रशांत दामले बेस्टमध्ये, दादा कोंडके अपना बाजारात. कबड्डी आणि क्रिकेट खेळणाऱ्यांना बँकांनी आणि रेल्वेने खेळासाठी घेतलं. एका दमात सात गडी बाद करणारा मोहरा काउंटरवर बसला की पासबुक भरून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याकडे तो चढाईच्या नजरेने बघे, पण तो आपला तक्रारीचा मुद्दा नव्हे.

यातलं शिखर म्हणजे ‘सामना’ हा चित्रपट. दिग्दर्शक जब्बार पटेल. हे दौंडला लहान मुलांचे डॉक्टर. ‘मास्तर’ झालेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, आफ्रिकेत टांझानियापर्यंत जाऊन दवाखाना चालवून आलेले. निर्माते रामदास फुटाणे, ते चित्रकलेचे शिक्षक. आणि हिंदूराव पाटील, ज्यांना नुसतं पाहून खेडोपाडीच्या बायका पदर सावरून घेत, ते निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. बालरोगतज्ज्ञाने सांगावं, सर्जनने आणि माळ्याने समोरासमोर उभं राहावं, ड्रॉइंग मास्तरांनी पैसे घालावेत. आणि हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत उतरला. यातला प्रत्येक जण आपापल्या मूळच्या खुर्चीला चिकटून बसला असता तर दौंडमधली मुलं, पुण्यातले घसे आणि लष्कराची गुलाबाची झाडं तेवढी सुखात राहिली असती.

उलटा प्रवासही होतो. सोलापूरच्या कोर्टात एक तरुण पट्टेवाला म्हणून लागला, मग पोलिसात फौजदार झाला, मग शरद पवारांच्या ओळखीने राजकारणात आला. सुशीलकुमार शिंदे. पुढे देशाचे गृहमंत्री. ज्या खात्यात साहेबांना सॅल्यूट ठोकला त्या खात्याच्या सगळ्या साहेबांचे सॅल्यूट घ्यायला परत जाणं, याला पदोन्नती म्हणायला मन धजत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही.

हे सगळं जुन्या काळचं झालं, हल्ली सगळं ऑनलाइन असतं, असं माझा भाचा मला सांगत होता. भाचा इंजिनियर. त्याने वर्षभर अर्ज टाकले. सकाळी उठला की दात घासायच्या आधी अर्ज. त्याच्या बायोडेटात शब्द असे बसवलेले होते की यंत्राला आवडावेत. माणसाला तो वाचून त्याच्याविषयी काहीच कळत नसे. मी त्याला ग्रॅनोव्हेटर सांगितला. तो म्हणाला, ‘‘मामा, ते सत्तरच्या दशकातलं.’’ मी म्हटलं, अरे, २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलंय, तुझ्या त्या लिंक्डइनवरच दोन कोटी लोकांवर प्रयोग करून पाहिला, तरी निघालं तेच. नोकरी द्यायला फार जवळचा नको, अगदीच अनोळखीही नको. त्याने मान हलवली आणि आणखी दोन अर्ज टाकले.

मग एका शनिवारी सोसायटीची लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. आत भाचा आणि सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ, हातात कोथिंबीर आणि ब्रेडची पिशवी. सहा वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये, ओळख फक्त ‘कितवा मजला?’ एवढीच. वॉचमन चावी शोधत होता, म्हणजे पाऊण तास नक्की. पंधरा मिनिटं दोघं मोबाइलची रेंज शोधण्यात रमले. मग गृहस्थ म्हणाले, ‘‘सध्या काय करतोस?’’

सोमवारी मुलाखत, पुढच्या सोमवारी रुजू. पहिल्या दिवशी त्याला संगणकावर एक फॉर्म भरायला दिला. शेवटचा रकाना होता, ‘आमच्या कंपनीविषयी आपल्याला कसं कळलं?’ खाली पर्याय: संकेतस्थळ, वृत्तपत्र, कॅम्पस, इतर. भाचा माझ्यासारखाच सरळ. त्याने ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या चौकटीत लिहिलं, ‘लिफ्ट बंद पडली होती.’

एचआरच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा वर सरकवून त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

‘‘हे बदल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘संकेतस्थळ कर.’’

‘‘पण मॅडम, खरं तर...’’

‘‘खरं मलाही माहितीय रे. माझ्या वेळी साखरपुड्याचं आइस्क्रीम संपलं होतं. पण ‘इतर’ केलं की फॉर्म पुढे सरकत नाही.’’